समुद्रावर जाऊन करायचं काय?

(जालना येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला बाहेरच गाठलं आणि विचारलं, सर, जालन्यात बसून समुद्रावर बोलणार? बोलणार. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणूनच बोलणार. ज्याच्या दारात समुद्र आहे तो समुद्रावर ‘जात’ नाही. तो तिथे राहतो, जाळी टाकतो, मासे सुकवतो. समुद्रावर जायचं, चार दिवस राहायचं आणि परत यायचं, ही आपल्यासारख्या आतल्या माणसांची गोष्ट आहे. तिचा इतिहासही आतल्या माणसांनीच सांगायला पाहिजे.

निमित्त सांगतो. माझा भाचा इथेच एमआयडीसीत नोकरी करतो. त्याने मोबाइलवर एक यादी दाखवली. स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत काय काय करायचं, त्याची. बोटीतून चक्कर, पाण्याखाली उतरणं, पॅराशूटने उडणं, रात्री बाहेर जेवण. म्हटलं, तू स्पेनला कधी निघालास? म्हणाला, ‘मामा, स्पेनला नाही, तारकर्लीला चाललोय. पण यादी तीच आहे.’ तो हसत म्हणाला, पण मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. यादी तीच आहे. मग ही यादी आली कुठून? आणि ती येण्याआधी आपला माणूस समुद्रावर जाऊन करत काय होता?

स्पेनचं म्हणाल तर आपल्या पोरांना स्पेन कळला २०११ साली, ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या सिनेमातून. तीन मित्र. त्यातला एक पाण्याला घाबरणारा, तो समुद्राच्या तळाशी जाऊन येतो आणि वर आल्यावर रडतो. मग टोमॅटोची होळी, विमानातून उडी, बैलांपुढे धावणं. या सिनेमाला स्पेनच्या पर्यटन खात्याचं साहाय्य होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे आपल्याला जी मैत्रीची गोष्ट वाटली, ती एका देशाने आखलेली सहलही होती. वाईट काहीच नाही त्यात. पण यादी कोणीतरी तयार करतं, ती आपोआप उगवत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता मी तुम्हाला एकदम दोन हजार वर्षं मागे नेतो. लांब जायचं नाही, भोकरदनपर्यंतच जायचंय. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे लेख आहेत, त्यांत या गावचे लोक आहेत. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं आणि त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. आता गंमत बघा. तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेई शहराच्या राखेत सापडलेली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. ती सातवाहनांच्या मुलखातून, भोकरदन किंवा तेर भागातून गेली असावी, असं अभ्यासकांनी मांडलंय.

पाँपेई ज्या आखाताच्या काठी आहे, त्याच आखाताच्या दुसऱ्या अंगाला बायाए नावाचं गाव होतं. रोमन श्रीमंतांचं समुद्रकाठचं सुट्टीचं ठिकाण. गरम पाण्याची स्नानं, नौकेतल्या मेजवान्या, गाणीबजावणी. सेनेका नावाचा तत्त्वज्ञ तिथे गेला आणि वैतागून लगेच परतला. किनाऱ्यावर झिंगलेले लोक फिरताहेत, हे काय बघायचं, अशी त्याची तक्रार. दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, पण आजच्या कुठल्याही पर्यटनस्थळाच्या गावकऱ्याची वाटावी. सांगायचा मुद्दा असा, की आपल्या मुलखातली वस्तू समुद्रकाठच्या ऐषारामी जगात पोचली होती. वस्तू पोचली, माणूस नाही. त्या काळातलं एक ग्रीक प्रवासवर्णन सांगतं, की पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि माल गाड्यांतून येतो. वीस दिवस! आपल्यासाठी समुद्र म्हणजे माल उतरवून परत यायचं ठिकाण. तिथे जाऊन मजा करायची असते, हे डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

मधली अनेक शतकं मी सोडतो. पण निजामाचं सांगायला हवं, कारण १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. होता, तो गेला. पूर्व किनाऱ्यावरचे उत्तर सरकारचे जिल्हे अठराव्या शतकात इंग्रजांकडे गेले. १८०२ च्या व्यापारी तहात मच्छलीपट्टणचं बंदर वापरायची सवलत मिळाली, पण बंदर स्वतःचं नाही. ही सल इतकी खोल होती, की १९४७ च्या सुमारास इंग्रज निघाले तेव्हा पोर्तुगीजांकडून गोवा किंवा निदान मार्मागोवा बंदर मिळवायच्या हालचाली निजामाकडून चालल्या होत्या. जमलं असतं तर कदाचित आपल्या आजोबांनी निजामाच्या गोव्यात सुट्टी घालवली असती! असो. इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, पण व्याख्यानात थोडी सवलत घेतो.

बंदर राजाला हवं होतं. रयतेला कशाला? रयतेला समुद्र लागायचा तो दोनच कामांना. एक तीर्थयात्रा. द्वारका, रामेश्वर, जगन्नाथपुरी. माणूस साठीला आला, लेकीबाळींची लग्नं झाली, की यात्रेला निघायचा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसायचा तो तेव्हा. आणि तिथे काय करायचं ते ठरलेलं. संकल्प, स्नान, तर्पण, नारळ. म्हणजे बघा, यादी तेव्हाही होतीच, फक्त ती उपाध्यायांच्या हातात होती. शिवाय जुन्या धर्मग्रंथांत असा संकेत आहे, की पर्वकाळ सोडून समुद्राला स्पर्शसुद्धा करू नये. पर्वकाळ म्हणजे मुख्यतः अमावास्या-पौर्णिमा. हे लक्षात असू द्या, याच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरं काम हज. आपल्या भागातले हाजी रेल्वेने मुंबईला जायचे, मुसाफिरखान्यात थांबायचे आणि जहाजात चढायचे. ही जहाजं १९९५ पर्यंत चालली. आमच्या गल्लीतले एक हाजीसाहेब सांगायचे, ‘समंदर देखा तो पहले उल्टी आई, बाद में अल्लाह याद आया.’ समुद्राचं इतकं प्रामाणिक वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही.

१९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे आली आणि जालना मुंबईला जोडलं गेलं. पण ती लाइन मीटरगेज. मनमाडला उतरायचं, ट्रंका उचलायच्या, ब्रॉडगेजच्या गाडीत चढायचं. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल, हे नव्वदच्या दशकापर्यंत चाललं. मुंबईत कोणी नातेवाईक असला, कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम असलं, तर संध्याकाळी चौपाटी. माझ्या वडिलांनी समुद्र पाहिला तो असा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. परत आल्यावर आईने विचारलं, कसा होता? म्हणाले, ‘लई पाणी, पण कामाचं नाही.’

हसू नका. दुष्काळी मुलखातल्या माणसाचं ते अगदी शास्त्रशुद्ध मत आहे. ज्याने बहात्तरचा दुष्काळ खडी फोडून काढला, त्याला पाणी दिसलं की पहिला प्रश्न पडतो, पिता येतं का?

मग समुद्र ही मजेची जागा आहे, हे जगाला सुचलं कधी? रोमनांनंतर ती कल्पना युरोपातही विझली होती. समुद्र म्हणजे वादळं, चाचे, दुर्गंधी. ती पुन्हा आली डॉक्टरांकडून. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यात बुडी मारायला आणि चक्क ते पाणी प्यायला सांगायला सुरुवात केली. स्पेनमध्ये १८४५ पासून राणी इसाबेल दुसरी हवापालटासाठी, त्वचेच्या विकारासाठी म्हणून, सान सेबास्तियनला समुद्रस्नानाला जाऊ लागली. राणी गेली की दरबार गेला, दरबार गेला की हॉटेलं आली. आधी उपाध्याय, मग डॉक्टर.

आणि मग बेनिडॉर्म. हे नाव लिहून ठेवा. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. ट्यूना मासा धरायच्या मोठ्या जाळ्यांसाठी इथले तांडेल दूरदूरपर्यंत बोलावले जायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो धंदा बुडत आला. गावाचा तरुण महापौर पेद्रो सारागोसा याने ठरवलं, मासे नाहीत तर माणसं पकडू. त्याने बिकिनी घालायला परवानगी दिली. फ्रँकोची हुकूमशाही, कट्टर कॅथलिक देश. चर्चकडून बहिष्काराची भाषा सुरू झाली. तेव्हा हा माणूस व्हेस्पा स्कूटरवर बसून माद्रिदला थेट फ्रँकोला भेटायला गेला, अशी हकिकत सांगतात. बिकिनी राहिली. १९५६ मध्ये शहराचा विकास आराखडा झाला, पुढे उंच इमारती उठल्या. तिकडे इंग्लंडमध्ये कामगारांना पगारी रजा मिळत होती. स्वस्त विमानं आली, प्रवास, हॉटेल, जेवण एकाच तिकिटात आलं. १९६० मध्ये स्पेनला साधारण ६० लाख परदेशी पर्यटक आले, १९७३ मध्ये जवळपास साडेतीन कोटी. २०२४ मध्ये नऊ कोटींच्या वर. आता बार्सिलोना, कॅनरी बेटं इथे स्थानिक लोक मोर्चे काढतात, की आम्हाला भाड्याने घरं मिळत नाहीत, पुरे करा.

मॅंचेस्टरचा गिरणी कामगार स्पेनला का गेला? उन्हासाठी. जालन्याच्या माणसाला कोणी सांगितलं, की पैसे भर आणि दुपारी दोन वाजता उन्हात आडवा हो, तर तो सांगणाऱ्याला दवाखान्यात नेईल. ऊन आपल्याकडे फुकट आहे आणि नकोसं आहे. म्हणून आपलं कुटुंब समुद्रावर जातं ते पाच वाजता, अंगभर कपड्यांत. साडी, सलवार, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. भेळ, शहाळं, उंटावर एक चक्कर. ही आपली स्वतःची पद्धत आहे आणि तिला कमी लेखायचं कारण नाही.

आपल्याला ही पद्धत शिकवली कोणी? शाळेने. हे मी ठामपणे म्हणतो, कारण त्या एसटीत मी सतरा-अठरा वेळा बसलोय. शैक्षणिक सहल! डिसेंबर-जानेवारी. लाल डबा, विद्यार्थी सवलतीचं भाडं. पहाटे चारला मैदानावर पालक, डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उलटीसाठी लिंबू. पुणे, प्रतापगड, महाबळेश्वर, रायगड आणि शेवटी कोकण. गड आधी, समुद्र शेवटी. कारण समुद्र आधी दाखवला तर गडावर कोणी चढणार नाही.

घाट उतरला की बस शांत व्हायची. मग कोणीतरी ओरडायचं, ‘आला, आला!’ गणपतीपुळ्याला पहिल्यांदा समुद्र पाहून आमच्या शाळेचा सातवीतला एक मुलगा किनाऱ्यावर बसला आणि पाणी चाखून थुंकला. पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का, हे त्याला बघायचं होतं. एक मुलगी पाण्याची बाटली भरून घेऊन आली. कशाला गं? तर म्हणे, आजीला दाखवायला. आजीने ते पाणी देवघरात ठेवलं. म्हणजे शाळेच्या सहलीतून आलेला समुद्र परत तीर्थातच गेला.

कोकणाकडे जाणं सोपं झालं ते हळूहळू. १९७५ मध्ये एमटीडीसी स्थापन झाली. १९८८ पासून एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पास योजना आली, मास्तर लोकांनी ती मनसोक्त वापरली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. गोव्यात त्याआधीच, १९८० च्या दशकात, युरोपातून थेट चार्टर विमानं यायला लागली होती आणि त्याविरुद्ध निदर्शनंही झाली. मग कोकणाचं बेनिडॉर्म का झालं नाही? एक कारण कायद्याचं आहे. स्पेनने किनाऱ्याचा कडक कायदा केला १९८८ मध्ये, किनारा बांधून झाल्यावर. आपल्याकडे सीआरझेडची अधिसूचना आली १९९१ मध्ये, तेव्हा कोकणात बांधायला अजून कोणी फारसं आलेलं नव्हतं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत निर्बंध. पुढे त्यात बऱ्याच ढिलाया झाल्या, तो वेगळा विषय. पण त्यामुळे घरगुती ‘न्याहारी-निवास’ टिकला. आपण मालवणात जातो ते कोणाच्या तरी माडाच्या बागेतल्या खोलीत राहायला. सकाळी घावने, दुपारी सोलकढी. आपली शाकाहारी मंडळी मोदकावर भागवतात.

आणि आता ती यादी पोचली. बनाना बोट, जेट स्की, पॅरासेलिंग, डॉल्फिन दाखवणं. एमटीडीसीचं तारकर्लीला स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे. १६६४ मध्ये ज्या सिंधुदुर्गाचं बांधकाम शिवाजी महाराजांनी सुरू केलं, त्याच्या आसपासच्या पाण्यात आता आपली पोरं तोंडात नळी धरून मासे बघतात. भाचाही बघून आला. त्याला पोहता येत नाही. विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, माणूस असतो ना धरायला.

इथे मला थोडं थांबायचंय.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. आणि दर उन्हाळ्यात, दर दिवाळीत पेपरात एक बातमी असतेच. त्यात गावांची नावं वाचा. बहुतेक घाटावरची असतात. यादी आपल्यापर्यंत पोचली, पण तिच्यासोबत जे यायला हवं होतं ते आलं नाही. जत्रेत समुद्राकाठी उपाध्याय उभा असायचा, पाणी कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्कूबाला हात धरणारा असतो. पण संध्याकाळी पाच वाजता, जेवण करून, दहा जण हातात हात घालून पाण्यात शिरतात, तिथे कोण असतं?

मघाशी म्हटलं होतं, पर्वकाळाकडे परत येतो. कोकणातल्या माणसाकडे एक सोपा हिशेब असतो. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची, सगळ्यात मोठी. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, त्याला ते भांग म्हणतात. हे सगळं पंचांगात आहे, जे आपल्याही घरात खिळ्याला टांगलेलं असतं. आपण ते बघतो उपवासासाठी, मुहूर्तासाठी. आता आपल्या लोकांचा नेम बघा. आपलं दैवत राजूरचा गणपती. त्यामुळे कोकणात गेलं तरी चतुर्थी साधून गणपतीपुळे. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती पूर्ण. आपण दर्शन घेतो, प्रसाद घेतो, जरा लवंडतो आणि चार-साडेचारला पाण्यात उतरतो. तेव्हा ओहोटी लागलेली असते. पाणी मागे, आत जात असतं. वरून समुद्र दुपारपेक्षा शांत दिसतो. किनाऱ्यावर धोक्याचा फलक असतो. फलकापाशी आपण फोटो काढतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे पोहणं नव्हतंच. चूक. होतं, आणि चांगलं होतं. विहिरीत. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात. पहिल्या दिवशी ढकलूनच द्यायचे. आठ दिवसांत पोरगं काठावरून मुटका मारायचं. समुद्राचं पोहणं निराळं, लाटेची सवय निराळी, हे मान्य. पण पाण्यात घाबरायचं नाही, श्वास धरायचा, अंग सोडायचं, एवढं तर यायचं. बहात्तरच्या दुष्काळातही काही विहिरींना पाणी होतं. मग बोअर आले, दोनशे फूट, पाचशे फूट. विहिरी कोरड्या पडल्या. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा जळाल्या, जालना शहरात आठ-पंधरा दिवसांनी नळाला पाणी यायचं. त्या काळात वाढलेली मुलं आज वीस-पंचविशीत आहेत. त्यांनी पाणी पाहिलं ते टँकरमध्ये आणि ड्रममध्ये. ती पोहायला शिकणार कुठे? नेमकी हीच पिढी पगार हातात आल्यावर गाडी करून समुद्रावर निघाली आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. एके काळी वीस दिवसांचा असलेला समुद्र आता अर्ध्या दिवसावर आलाय.

मला कोणी विचारतं, सर, मग तुम्ही समुद्रावर काय करता? मी रापण बघतो. मालवणकडच्या किनाऱ्यावर पहाटे लांबच लांब जाळं बोटीने पाण्यात सोडतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढतात. पंधरा-वीस माणसं लागतात. पाहुण्याने हात लावला तर नाही म्हणत नाहीत. मीही ओढली आहे. तळहात सोलून निघतात. शेवटी जाळं वर येतं तेव्हा कधी टोपलीभर मासे, कधी नुसतं शेवाळ आणि प्लॅस्टिक. ओढणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या गाबित बाबांनी मला विचारलं, ‘गाव खंयचा?’ म्हटलं, जालना. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, तिकडे समुद्र नाही, पाऊसही धड पडत नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘मग तुमी भरती कशावर मोजतास?’

मला उत्तर सुचलं नाही. कोणाला सुचत असेल तर आता प्रश्नोत्तरांत सांगा. माइक मागे द्या, तिथे एका ताईंनी मघापासून हात वर केलाय.